कोरडी मोरी

दोन महिने मी प्लंबरच्या मागे लागले होते. सासूबाईंच्या खोलीतून वास यायचा, आणि तो मोरीचाच आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. चेन्नईच्या वेलचेरीत राहणाऱ्या माणसाला वास आला की आधी गटारच आठवतं. दिवाळीनंतरच्या पावसात आमच्या बिल्डिंगचं पार्किंग भरतं, आणि पाणी ओसरलं तरी पुढे महिनाभर नळ्यांमधून काही ना काही वर येत राहतं. मी आपली खोलीच्या दाराशी उदबत्ती लावत होते, उंबऱ्यावर डांबराच्या गोळ्या ठेवत होते. आत जाऊन फिनेल ओतायची सोय नव्हती. त्यांच्या मोरीत ओवळ्यानं कुणी पाऊल ठेवायचं नाही, असा नियम होता. कामवालीनंही नाही. ती जागा त्या स्वतः धुवायच्या. निदान आम्ही तसं समजत होतो.

माझं माहेर साताऱ्याचं. सासर तंजावरकडचं मराठी घर, तीन-चार पिढ्यांपूर्वी मद्रासला आलेलं. सासरे गेल्यावर सासूबाई मद्रासच्याच तिरुवल्लिकेणीतलं घर सोडून आमच्याकडे आल्या, त्या सोवळं घेऊनच आल्या. त्या त्याला मडी म्हणतात. पहाटे आंघोळ करायची, खोलीत छताला टांगलेल्या उंच काठीवर वाळलेलं लुगडं दुसऱ्या काठीनं उतरवायचं, ते नेसायचं, आणि आंघोळीचं ओलं लुगडं धुऊन त्याच काठीवर चढवायचं. मग पूजा, मग स्वयंपाक. तोवर कुणी शिवायचं नाही. लग्न होऊन मी तिरुवल्लिकेणीच्या घरात आले त्या पहिल्या सकाळी मी वाकून नमस्कार करायला गेले, तर त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "शिवू नको गे!" मला तेव्हा रडू आलं होतं. पुढे सवय झाली. मी त्यांना घरातल्यांसारखं अम्मा म्हणू लागले आणि हातभर लांब राहू लागले.

पूर्वी दुपारची जेवणं झाली की सोवळं सुटायचं. मग नात मांडीवर डोकं ठेवायची, मी तेल लावून द्यायची. गेल्या वर्षभरात ते सोवळं लांबत चाललं होतं. दुपारी म्हणावं तर "अजून दिवा लावायचाय", दिवा लागला की "आज एकादशी", एकादशी नसली तर आणखी काहीतरी. मला वाटलं, वय झालं तशी देवधर्माची ओढ वाढली. नवऱ्याला तर कौतुकच होतं. "बघ, ऐंशीच्या घरात आहे पण एक दिवस नेम चुकवत नाही," असं तो येईल त्याला सांगायचा. पहाटे त्यांच्या खोलीत पाण्याचा आवाज व्हायचा, सकाळी काठीवर ओलं लुगडं टपटपत असायचं. आणखी काय पुरावा हवा?

मी शाळेत हिंदी शिकवते. चाळीस पोरांच्या वर्गात कुणाची नखं वाढलीत, कुणाच्या डोक्यात उवा आहेत, कोण घरून न जेवता आलंय, हे मला दारातूनच कळतं. आणि घरात माझं हे असं. सहाला उठायचं, डबे भरायचे, पोरीला हाका मारून मारून उठवायचं, शेअर ऑटोत अंग चोरून बसायचं, सहा तास ओरडायचं, आणि घसा बसलेल्या अवस्थेत घरी येऊन त्या वासाला शिव्या घालायच्या. सासूबाईंकडे नीट पाहायला मला वेळ नव्हता असं मी म्हणते खरी. पण खरं सांगायचं तर हातभर अंतराची सोय मलाही झाली होती. जवळ गेलं की आणखी एक काम निघणार, हे मला आतून ठाऊक असावं.

शेवटी एका रविवारी नवरा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. जातानाही हात धरू दिला नाहीच. काठीचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं त्यानं, आणि दोघं लिफ्टकडे गेले. त्यांची पाठ फिरताच मी प्लंबरला आत घेतलं. चांगला पन्नाशीचा, अनुभवी माणूस. त्यांच्या मोरीत आंघोळीची जागा वेगळी आहे, पाणी बाहेर येऊ नये म्हणून वीतभर उंच कट्टा घातलेला. तो कट्ट्यापलीकडे बसला, जाळी उचलली, टॉर्च मारला, आणि मला तमिळमध्ये म्हणाला, "ताई, नळी स्वच्छ आहे. या जाळीखालच्या वाटीत नेहमी पाणी असावं लागतं, ते खालचा वास अडवतं. ही वाटी सुकून खडखडीत झाली आहे. इथे कुणी आंघोळ करत नाही ना?"

"करतात की. रोज करतात," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग जाळीकडे. दोन मग पाणी ओतलं आणि म्हणाला की एवढंच करत जा.

तो गेल्यावर मी तिथेच उभी राहिले. साबणाची वडी कोपऱ्यात तडकून पडली होती. शिकेकाईचा डबा उघडला तर वर बुरशी. बादली उलटी, तिच्या बुडावर धूळ. मग मी काठीकडे पाहिलं. ओलं हिरवं लुगडं. काल कुठलं होतं? हिरवंच. परवा? सासूबाईंची सोवळ्याची लुगडी दोन, एक हिरवं आणि एक तांबडं, आलटून पालटून. आज त्या डॉक्टरकडे तांबडं नेसून गेल्या होत्या. काल तांबडंच होतं. पोंगलला तांबडंच होतं. रोज पहाटे त्या बेसिनपाशी हिरवं लुगडं नुसतं भिजवून वर टाकत होत्या, आणि अंगावरचं तांबडं अंगावरच राहत होतं. किती दिवस, कुणास ठाऊक.

वास मोरीचा होता. पण सगळा मोरीचा नव्हता.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो माझ्यावरच उखडला. "अम्मा? अम्मा आंघोळ करत नाही? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी म्हटलं, जाऊन लुगडं बघ. तो गेला नाही. गॅलरीत जाऊन उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "ऑटोत मलाही जरा वास आला होता. मला वाटलं ऑटोचाच." मग म्हणाला, "तूच विचार. बायकांचं आहे." पहाटे साडेपाचला श्रीपेरुंबुदूरची कंपनीची बस पकडणाऱ्या माणसाशी काय भांडणार? तरी मी भांडले. झोपताना दोघांची तोंडं दोन दिशांना होती.

आणि मग मी जे करायला नको होतं तेच केलं. दुसऱ्या दिवशी शाळेत पेपरांच्या गठ्ठ्यावरून डोकं फिरलेलं होतं, घरी आले तर तो वास, आणि जेवायच्या टेबलावर पोरीसमोर मी बोलून गेले, "अम्मा, तुम्ही आंघोळ करत नाही का हो?"

त्यांचा हात ताटातच थांबला. पोर मोबाइलमधून मान वर करून आजीकडे बघायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "माझी आंघोळ तू मोजतेस काय गे?" आणि ताक-भात तसाच सोडून उठल्या. दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नुसती कॉफी. पोर मला इंग्रजीतून म्हणाली की आई, तू फार वाईट बोललीस. मला ठाऊक होतं. मराठीतून म्हणाली असती तर आणखी लागलं असतं.

घोळ एवढ्यावर थांबला नाही. आठ दिवसांवर सासऱ्यांचं श्राद्ध आलं होतं. ते जाऊन सहा वर्षं झाली. दर वर्षी श्राद्धाचा स्वयंपाक सासूबाई एकट्या करतात. कुणाला पळीसुद्धा लावू देत नाहीत. नवऱ्यानं आपला शहाणपणा लढवला. श्राद्धाचं जेवण बनवून देणारे लोक आहेत, यंदा त्यांनाच सांगू, असं तो मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाला. हळू बोलणं त्याला आयुष्यात जमलेलं नाही. खोलीचं दार उघडलं. सासूबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. तीन दिवसांत तोंड एवढंसं झालेलं.

"विकतचं?" त्या म्हणाल्या. "त्यांस विकतचं वाढणार?"

नवऱ्यानं उगाच गॅस बारीक केला.

"मी रांधीन," त्या म्हणाल्या. "हे एक वर्ष मला रांधू दे. पुढे काय ते करा." पुढचं दोघांना ऐकू आलं न आलं, "यंदाचं नीट व्हायला हवं." आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पाचला मी उठले. नवरा बसच्या तयारीत होता, त्याला हातानं गप्प राहायला सांगितलं आणि सासूबाईंच्या खोलीचं दार ढकललं. कडी नव्हती. मोरीत दिवा होता. त्या कट्ट्याच्या अलीकडे, भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. एक पाय उचलायच्या, कट्ट्यापर्यंत न्यायच्या, आणि परत खाली ठेवायच्या. परत उचलायच्या, परत ठेवायच्या. मी पाचदा मोजलं. मग त्यांनी सुस्कारा टाकला आणि हिरवं लुगडं बेसिनमध्ये टाकून नळ सोडला.

"अम्मा," मी म्हटलं.

त्या दचकल्या. मी चटकन पुढे झाले तर ओरडल्या, "शिवू नको!"

"अहो, पडाल तुम्ही! मी धरते, मी घालते आंघोळ."

"आणि तू शिवलीस तर मडी कुठे राहिलं?"

डोक्यात असा संताप गेला माझ्या! दोन महिने अंगाला पाणी नाही आणि सोवळं मोडेल म्हणे. तोंडावर आलं होतं सगळं. पण बेसिनच्या कडेला धरलेल्या हाताची नखं मला दिसली, वाढलेली, आत काळी. वर्गातल्या पोराची दिसली असती तर मी कधीच कापायला लावली असती.

"मग मीही मडीत आले तर?" मी म्हटलं. "आंघोळ करून, ओल्यानं येते. सोवळ्याला सोवळं शिवलं तर चालतं ना?"

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "या नाइटीत?"

"नाइटीत नाही हो! साडीत."

"शिवलेलं काही नको अंगावर," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, "डोक्यावरून घे पाणी."

तर मी, जी लग्नानंतर इतकी वर्षं या प्रकाराला नाकं मुरडत आले, ती पहाटे सव्वापाचला डोक्यावरून गार पाणी घेऊन, एक जुनी सुती साडी बादलीत बुडवून, तशीच ओली अंगाला गुंडाळून काकडत आले. ब्लाउज नाही, काही नाही. दारातून बाहेर पडणारा नवरा मला बघून जागीच थांबला. "जा तू," मी म्हटलं, "बस चुकेल."

पोरीचं प्लास्टिकचं स्टूल कट्ट्यापलीकडे ठेवलं. सासूबाईंच्या काखेत हात घातले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना असं धरत होते. वजन काहीच नव्हतं. कट्टा ओलांडताना त्यांनी माझ्या दंडात बोटं रुतवली, ते वळ संध्याकाळपर्यंत होते.

आंघोळ घालणं हे वाटतं तेवढं सोपं नसतं. तांबडं लुगडं कमरेपाशी अंगाला चिकटलं होतं, आधी पाण्यानं भिजवून सोडवावं लागलं. मानेवर मळाचे थर. छातीखाली कातडी लाल, ओली, एके ठिकाणी सोललेली. तिथे पाणी लागलं की त्या श्वास आत ओढायच्या, पण हूं की चूं नाही. मी मऊ फडक्यानं टिपत होते आणि मनात स्वतःला नको नको ते बोलत होते. दुखत असणार हे. किती आठवडे दुखत असणार. त्याच अवस्थेत या रोज मला "कॉफी झाली काय गे?" म्हणून विचारत होत्या.

पाठीवर कोमट पाणी पडलं तेव्हा त्यांचे खांदे एकदम खाली आले. डोळे मिटले. आणि मग त्या, माझ्याकडे पाठ करूनच, बोलू लागल्या.

"गेल्या वर्षी श्राद्धाच्या आदल्या दिवशी मी इथे पडले."

मी पाण्याचा मग हातातच धरून राहिले.

"अर्धा तास बसले होते खाली. नळास धरून उठले. कोणास सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रांधू दिलं नसतं तुम्ही. दुसऱ्या दिवशी पाय उचलेना. लुगडं तेवढं भिजवलं, वाळलेलं नेसले, आणि गेले गॅसपाशी. आंघोळ नव्हती गे. तसंच रांधलं. तसंच त्यांस वाढलं."

त्या दिवसापासून कट्ट्याची भीती बसली. आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, मग नुसते हातपाय, मग तेही नाही. हे त्यांनी तुटक तुटक सांगितलं. मदत मागायची तर गेल्या वर्षीचं सांगावं लागलं असतं.

"आपलं वर्ष म्हणजे त्यांचा एक दिवस," त्या म्हणाल्या. "त्या दिवसाचा तो एक घास. तो मी विटाळून दिला. उपाशी असतील ते." मग मान जराशी वळवली. "गच्चीवर तू गेली होतीस. कावळा आला होता ना? खरं सांग."

आता मला गेल्या वर्षीचं सांगायला हवं. खरं तर कावळ्याला पान ठेवणं हे मुलाचं काम. पण गुरुजींना उशीर होत होता, त्यांनी नवऱ्याला पुढच्या विधीला बसवलं आणि पान घेऊन मला वर पाठवलं. मला शाळेत तपासलेले पेपर नेऊन द्यायचे होते. ऊन मी म्हणत होतं. कठड्यावर पान ठेवलं, पाच मिनिटं उभी राहिले, आजूबाजूच्या एकाही गच्चीवर कावळा नव्हता. मी खाली आले आणि सगळ्यांना सांगितलं, शिवला. कुणाला काय फरक पडतो, असं मला तेव्हा वाटलं होतं.

"आला होता अम्मा," मी म्हटलं. "पान ठेवून मी वळले नाही तोच आला. आधी वडा उचलला."

"वडा?"

"वडा."

"त्यांस वडा फार आवडे," त्या म्हणाल्या, आणि रडू लागल्या. मी पाठीवर पाणी ओतत राहिले. मलाही रडू आलं, दमल्यामुळे आलं की कशामुळे ते कळेना. ओल्या साडीत माझे दात वाजत होते आणि आठ वाजता वर्ग होता.

पुढचे सहा दिवस रोज पाचला उठले. श्राद्धाच्या दिवशी चारला. त्या स्टुलावर बसून सांगत होत्या, मी ओल्यानं तळत होते, आणि चव पाहायची नाही म्हणून मिठाच्या अंदाजावरून आम्ही दोघी भांडत होतो. वडे त्यांनी स्वतः थापले. हात स्वच्छ होते, नखं कापलेली. नवरा गुरुजींसमोर बसल्या बसल्या सारखा तिकडे बघत होता.

कावळ्याचं पान तो घेऊन निघाला. मी म्हटलं, मी जाते. का, ते त्यानं विचारलं नाही. साडी अंगावर वाळली होती, वर गेल्यावर ती उन्हानं तापली. कठड्यावर पान ठेवलं आणि टाकीच्या सावलीत उभी राहिले. दहा मिनिटं झाली. वीस झाली. पोर वर येऊन बघून गेली. शाळेतून दोन फोन आले, उचलले नाहीत. पाय दुखायला लागले तशी खाली फरशीवर बसले. या दिवसांत कावळे जातात तरी कुठे? मी, जी असलं काही मानत नाही, ती हात जोडून म्हणत होते, ये बाबा, ये रे, म्हातारीनं तुझ्यासाठी आंघोळ केली आहे.

पाऊण तासानं आला. कठड्यावर उड्या मारत लांबून पाहिलं, भातात दोनदा चोच घातली आणि उडाला. वड्याला तोंडही लावलं नाही.

खाली आले तर सासूबाई स्वयंपाकघरात स्टुलावरच बसल्या होत्या. बाकीचे बाहेर. "आला?" त्यांनी विचारलं.

"आला. भात खाल्ला." मी खरं तेच सांगितलं. "वड्याला नाही शिवला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "गेल्या वर्षी तू पाच मिनिटांत खाली आली होतीस," त्या म्हणाल्या. "इथे बसून मी घड्याळ पाहत होते. तेव्हाच मला कळलं होतं."

मला तोंड वर करवेना. "मग मोरीत मला विचारलंत कशाला?"

"तू काय म्हणतेस ते ऐकायचं होतं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "वडा म्हणालीस."

बाहेर गुरुजी पानं वाढा म्हणून हाक मारत होते. मी गच्चीवरून, जिन्यातून, शेजाऱ्यांच्या चपलांमधून वाट काढत आलेली, त्यांच्या हिशेबी पुरती ओवळी. जेवणं व्हायची होती, सोवळं सुटायला अजून तास होता. त्यांनी हात पुढे केला, माझा खांदा धरला, आणि सगळा भार टाकून उठल्या.

"उद्या पाचास ये," त्या म्हणाल्या. "पाणी जरा कढत असू दे."